रिकामा डबा



गेल्या वर्षी आषाढाच्या सुमारास मी इंग्लंडमधील लेस्टर या शहरी चिरंजीवांकडे गेले आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर मोहन्यास परतले. तेव्हापासून अनेक भगिनींनी एकच प्रश्न विचारला, "तिथली माणसे कशी असतात?" या प्रश्नाचे उत्तर या सदरातून द्यावे, असे मनात होते, पण लिहावयास बसले की लेखणी तेथील माणसांवरून वळून आपल्याच दारापाशी येऊन थांबे. आज पर्युषणाच्या तोंडावर ती जेथे थांबते तेथपर्यंत जावयाचे ठरविले आहे.

प्रथम सूर्याविषयी सांगते. जूनच्या अखेरीस आपल्याकडे सव्वासातला दिवेलागण होते. लेस्टरला त्या दिवसांत रात्रीचे साडेनऊ वाजून गेले तरी अंगणात ऊन रेंगाळलेले असते. चौविहाराचा नियम घेतलेल्या मला पहिल्या आठवड्यात जेवणाची वेळच कळेना. पुढे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी साऱ्या देशाने आपली घड्याळे एक तास मागे घेतली आणि नोव्हेंबरच्या मध्यास सूर्य चारनंतर दहा मिनिटांतच मावळू लागला. सूनबाई कामावरून साडेपाचला घरी येई, तेव्हा अंधार पडून तास उलटलेला असे. म्हणून ती दुपारी साडेतीनला कार्यालयातच आपला डबा उघडी. भोवतालचे सहकारी त्या वेळी चहा घेत असत. मोहन्यात चाळीस वर्षे माझा चौविहार घराच्या वळणाने आपोआप पार पडत आला होता. सासूबाईंनी घालून दिलेली वेळ, दुकान बंद होण्याची वेळ आणि सूर्यास्त यांची सांगड कधीच बसून गेली होती. परदेशात ती सांगड सुटली आणि तेथे मला तो नियम प्रथमच समजून पाळावा लागला.

दुसरी गोष्ट पावाच्या पाकिटाची. तेथे कोणत्याही खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटकांची यादी असते आणि तीत अंडे, दूध, गहू, शेंगदाणा अशी नावे ठळक अक्षरांत छापावी लागतात. तसा कायदाच आहे. मला वाटले, हे आपल्यासारख्यांच्या सोयीसाठी असावे. चिरंजीवांनी सांगितले की, काही माणसांना हे पदार्थ बाधतात, कधी जिवावरही बेततात. त्या थोड्यांच्या रक्षणासाठी साऱ्यांच्या पाकिटावर ही अक्षरे ठळक होतात. मी चष्मा लावून ती यादी वाची आणि मनात म्हणे, याला आपण जयणा म्हणतो. आपल्या हालचालीने कोणास इजा होऊ नये म्हणून आधीच घेतलेली काळजी. आपण ती चालताना, पाणी गाळताना, चूल पेटविताना घेतो. या लोकांनी ती छपाईत आणली आहे. जेलाटिन मात्र त्या ठळक नावांत नसते. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले असते आणि मुलांच्या गोळ्यांत हमखास सापडते, म्हणून यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी लागते.

बसमधून उतरताना प्रत्येक प्रवासी चालकाचे आभार मानून उतरतो. आपला पाय त्यांच्या पायावर पडला तरी क्षमा तेच मागतात. मात्र न कळविता कोणी कोणाच्या घरी जात नाही आणि ऐंशी वर्षांची वृद्धा एकटीच राहते, स्वतःचा कचऱ्याचा डबा ठरलेल्या वारी स्वतः ओढत रस्त्याच्या कडेला ठेवते. पहिल्या महिन्यात मी माझ्या वहीत अशा नोंदी दोन रकान्यांत करीत असे. एकात त्यांचे चांगले, दुसऱ्यात त्यांचे उणे. दुसरा रकाना बराच भरला होता.

शेजारी अशाच एक एकट्या आजी राहत. एकदा मी त्यांना बदामाचा शिरा दिला. त्यांनी आधी विचारले, यात काय काय आहे? मला ते थोडे खटकले. दोन दिवसांनी त्या स्वतः भाजलेला केक घेऊन आल्या. त्यात अंडी होती. चिरंजीवांनी दारातच नम्रपणे समजावून सांगितले की, आई अंडे घेत नाही. मी संकोचाने अर्धमेली झाले. वाटले, आता हे दार कायमचे बंद झाले. पण पुढच्या शनिवारी आजी पुन्हा आल्या. हातात बिस्किटांचा डबा आणि त्यावर चिकटविलेला एक कागद. कागदावर मोठ्या थरथरत्या अक्षरांत त्यांनी घातलेला प्रत्येक पदार्थ लिहिला होता. मैदा, लोणी, साखर, सुंठ, आणि शेवटी खाली रेघ ओढून, 'अंडे नाही'. बिस्किटे खरपूस झाली होती. मी त्या रात्री वहीचा दुसरा रकाना पुढे लिहिला नाही.

परक्या देशात राहू लागल्यावर त्या कागदाएवढ्या लहान गोष्टीला केवढे मोल येते, हे ज्या मुलीने आपल्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जाणले, ती आपल्या कल्याणची होती. मोहन्याहून आंबिवलीला गाडीत बसावे, शहाड ओलांडले की कल्याण. तेथल्या जोशी घराण्यातील यमुना वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या टपाल खात्यातील कारकुनाशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला झालेला मुलगा दहा दिवसांतच गेला. स्त्रियांवर उपचार करणारी स्त्री वैद्य आपल्या समाजात नाही, ही खंत तिने तेव्हापासून उराशी धरली. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावी राहणाऱ्या मिसेस कार्पेंटर या गृहिणीने गोपाळरावांचे एक पत्र छापलेले वाचले आणि या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पत्रांतून नाते जुळले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. फेब्रुवारी 1883 मध्ये कलकत्त्याजवळ सेरामपूर येथे त्यांनी जाहीर व्याख्यान दिले आणि मी आपला धर्म व आचार घेऊन जाईन व तोच घेऊन परतेन, अशा अर्थाचे वचन दिले. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्या बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा. पती सोबत नव्हता.

आनंदीबाईंच्या परदेशवासाची कथा आपण बहुधा पदवीपाशी आणि अकाली मृत्यूपाशी सांगतो. मला मात्र आता त्यांचे रोजचे दिवस दिसतात. महाराष्ट्रीय नऊवारी नेसणीत पोटऱ्या उघड्या पडत, थंडीही अडत नसे. तेव्हा त्या मुलीने परदेशी झगा न चढविता गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. अंग झाकले गेले, साडीही राहिली. गुजराती घरांतून आलेल्या आपल्या भगिनींना हे वाचून कौतुक वाटेल. शाकाहार त्यांनी सोडला नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना ज्या खोलीत त्या राहत, तेथील शेगडीचा धूर कोंडे. थंडी सोसावी की धूर, एवढीच निवड उरे. बदललेले हवामान, तुटपुंजा आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी प्रकृती खंगत गेली. 1885 च्या ऑक्टोबरात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या महाविद्यालयातील तीन परदेशी विद्यार्थिनी त्यात शेजारी शेजारी आहेत. साडीत आनंदीबाई, किमोनोत जपानच्या ओकामी केइको आणि आपल्या देशीच्या वेशात दमास्कसच्या साबात इस्लामबुली. तिघींनाही ठाऊक असणार की रस्त्यावर आपल्याकडे वळून पाहिले जाते.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाई पुढे सुमारे तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या आणि 1889 मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. तेथील घरे, शाळा, स्त्रियांच्या संस्था यांचे मोकळ्या मनाने कौतुक करताना कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक त्यांच्या नजरेतून निसटली नाही. गुण दिसावेत आणि दोषही दिसावेत, एकाने दुसरे झाकले जाऊ नये, ही दृष्टी आपल्या अनेकांताच्या जवळची आहे. माझ्या वहीतल्या दोन रकान्यांत ती नव्हती. तेथे मी केवळ जमाखर्च मांडीत होते.

नोव्हेंबर 1886 मध्ये आनंदीबाई स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती, परंतु कामावर रुजू होण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिना उरला होता. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क प्रांतातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. आपल्या कुळाच्या माणसांशेजारी. कल्याणच्या ब्राह्मण घरातील मुलीला एका ख्रिस्ती कुटुंबाने जागा दिली ती घरातील खोलीपुरती राहिली नाही.

आपल्या समाजातील उदाहरणही सर्वांस ठाऊक आहे. 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस आचार्य श्री आत्मारामजी महाराजांना निमंत्रण होते. साधुधर्मानुसार त्यांना जलप्रवास शक्य नव्हता, म्हणून महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी एकोणतिसाव्या वर्षी आपले प्रतिनिधी म्हणून गेले. काठियावाडी पगडी आणि शुद्ध शाकाहार त्यांनी तेथेही सांभाळला. अमेरिकेत त्यांची व्याख्याने आदराने ऐकली गेली. परत आल्यावर मात्र समुद्र ओलांडला म्हणून आपल्यातीलच काहींनी त्यांना विरोध केला. परक्यांनी स्वागत करावे आणि घरच्यांनी दारात अडवावे, हे आपल्याकडून घडले आहे. त्याची आठवण केवळ गौरवाच्या भाषणांपुरती ठेवू नये.

लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जैन सेंटर आहे. इमारत मूळची ख्रिस्ती प्रार्थनागृहाची. तिचे मंदिरात रूपांतर होऊन 1988 साली प्रतिष्ठा झाली. बाहेर पांढरा संगमरवर, आत नाजूक कोरीव खांब. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी आणि श्रीमद् राजचंद्रांचे अनुयायी, सर्वांसाठी त्या एकाच छताखाली जागा आहे. संवत्सरीचे प्रतिक्रमण मी तेथे केले. शेजारी बसलेल्या एका वृद्ध भगिनींनी आपली कथा सांगितली. 1972 साली युगांडाच्या शासनाने आशियाई कुटुंबांना नव्वद दिवसांत देश सोडावयास लावले, तेव्हा त्या लहान मुलांसह लेस्टरला आल्या. त्याच वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात दिली होती की, आमच्या शहरात घरे आणि शाळा भरल्या आहेत, कृपा करून येथे येऊ नका. तरीही हजारो कुटुंबे आली, दुकाने काढली, शहराच्या व्यापाराला हातभार लावला. आज त्याच शहरात दिवाळीला रस्ते दिव्यांनी उजळतात आणि शहर त्याचा अभिमान बाळगते. त्या भगिनी म्हणाल्या, "जाहिरात देणारे विसरले असतील, बेन. आम्ही विसरलो नाही. पण रागही धरला नाही."

परतीच्या विमानात ते वाक्य मनात घोळत राहिले आणि मोहन्याच्या एका घराशी जाऊन भिडले.

आपल्या गावाला ज्यांनी आकार दिला, त्यांत नॅशनल रेयॉनच्या कारखान्याचा वाटा मोठा. एन. आर. सी. म्हटले की अजूनही जुन्या माणसांच्या कानांत भोंगा वाजतो. कामासाठी केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश, कोकण, कोठकोठून माणसे आली आणि कॉलनीत राहिली. आमचे किराणा दुकान त्यांच्या खात्यांवर चालले. महिन्याच्या पगाराला उधारीची वही निघे आणि पै न पै चुकती होई. त्या माणसांना आम्ही ग्राहक म्हणून चांगले ओळखत होतो. कोणाला कोणता तांदूळ लागतो, हे आजही सांगू शकेन.

त्यांच्यातील केरळच्या एक ताई दुकानाच्या मागच्या दाराने आमच्या घरी येऊ लागल्या. नवीन लग्न होऊन आलेल्या, मराठी मोडके, हिंदी त्याहून मोडके. मी त्यांना भाज्यांची मराठी नावे शिकविली. एका ओणमला त्या पितळी झाकणाचा डबा घेऊन आल्या. आत पायसम होते. त्यांचा चेहरा फुललेला होता. मी हसून डबा घेतला. सासूबाईंनी नुसते माझ्याकडे पाहिले. मासे शिजणाऱ्या घरातला डबा, असा तो विचार होता आणि तो सासूबाईंचा एकट्यांचा होता असे मी आज म्हणणार नाही. पायसम गायीपुढे ठेवले गेले. डबा घासून, पुसून संध्याकाळी मुलाच्या हाती परत पाठविला.

रिकामा.

शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, निदान चार दाणे साखरेचे घालावेत, हे आपल्याला लहानपणी शिकविलेले असते. त्या ताईंना ही रीत ठाऊक नसेल असे मी स्वतःला समजावले. पण त्या पुन्हा मागच्या दाराने आल्या नाहीत. पुढच्या दाराने, दुकानात, यादी घेऊन येत राहिल्या. पैसे देत, मान हलवीत आणि जात. 2009 साली कारखान्याचे काम थांबले. एकेक कुटुंब निघून गेले. त्याही गेल्या. कोठे, ते मला ठाऊक नाही.

तांदूळ, गूळ, नारळाचे दूध. पायसममध्ये एवढेच असते, हे मला लेस्टरच्या एका केरळी दुकानात कळले. तीस वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला असता तर त्याच दिवशी कळले असते. आणि समजा, खरेच आपल्या मर्यादेत न बसणारे काही असते, तर तसे सांगताही आले असते. चिरंजीवांनी दारात उभे राहून त्या इंग्रज आजींना सांगितलेच ना? आपल्या स्वयंपाकघराची मर्यादा पाळण्याचा आपला अधिकार मी सोडा म्हणत नाही. आनंदीबाईंनी ती सोडली नाही, वीरचंदभाईंनी सोडली नाही, लेस्टरला सूनबाईही सोडीत नाही. पण तेथे ती पाळता येते, कारण समोरचा माणूस विचारतो, ऐकतो आणि कागदावर लिहून आणतो. आपण परके असताना ज्या सौजन्यावर आपला धर्म टिकून राहतो, ते सौजन्य आपल्या दारी आलेल्या परक्याला मिळते का, एवढाच माझा प्रश्न आहे. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून आपण खाली पाहून चालतो. त्या दिवशी मी खालीही पाहिले नाही आणि वरही पाहिले नाही.

हे सारे आज लिहिण्यास एक निमित्त घडले. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील सदनिका भाड्याने द्यावयाची आहे. घेऊ इच्छिणारे जोडपे परप्रांतीय आहे, दोघेही नोकरी करतात, बाळ वर्षाचे आहे. गेल्या सभेत काही बंधूंनी, "त्यांचे खाणेपिणे कसे असेल कोण जाणे," म्हणून नकार कळवावा असे सुचविले. कोणी त्यांना विचारले नव्हते. मीही त्या सभेत गप्प बसले. घरी येऊन युगांडाच्या वृत्तपत्रातील ती जाहिरात आठवली. येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. त्या जोडप्याला आधी चहाला बोलवावे, आपल्या इमारतीच्या चालीरीती त्यांना सांगाव्यात, त्यांच्या ऐकाव्यात आणि मग निर्णय घ्यावा, असे मी सुचविणार आहे. माझे बोलणे मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. पण यावेळी गप्प बसणार नाही.

वाचक भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मग असे आहे की, तेथली माणसे आपल्यासारखीच आहेत. काही जाहिरात देणारी, काही कागदावर लिहून आणणारी. आपण त्यांपैकी कोण, हे ठरविण्याची वेळ मोहन्यात बसूनही येते.

संवत्सरीला आपण साऱ्या जीवांची क्षमा मागतो. ती मागताना बहुधा चेहरा डोळ्यांसमोर नसतो. यंदा माझ्यापुढे एक चेहरा असेल आणि एक पितळी झाकणाचा डबा. ताई, आपण जेथे असाल तेथे, मन-वचन-कायेने आपले मन दुखविले त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्.